शब्दचर्चा : ‘असमानता’, ‘विषमता’, ‘तफावत’ आणि आरोग्यधोरणातले आणखी काही शब्द

करवीर :

ग्रामपंचायत सदस्य आणि गावपातळीवरील आरोग्य समित्यांचे सभासद यांच्यासाठी आरोग्यधोरणावरचा एक मजकूर मराठीत तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. मूळ मसुद्यात ‘असमानता’, ‘विषमता’ आणि ‘तफावत’ हे तीन शब्द एकाच अर्थाने, बहुधा केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी, आलटूनपालटून आले आहेत. एखाद्या स्तंभलेखात हे चालून जाईल. परंतु ज्या मजकुराच्या आधारे गावात कोणत्या वाडीकडे आधी लक्ष द्यायचे हे ठरणार आहे, त्यात प्रत्येक शब्दाचा अर्थ पक्का असला पाहिजे.

माझी समजूत मांडतो. ‘तफावत’ हा अरबीतून आलेला शब्द मराठीत मुख्यतः हिशेबाच्या भाषेत रुळला. वहीत तफावत येते, मोजणीत तफावत येते, जबाबात तफावत आढळते. दोन आकड्यांत किंवा दोन कथनांत अंतर आहे, एवढेच तो शब्द सांगतो आणि त्या अंतराचे कारण सांगण्याची जबाबदारी घेत नाही. ‘असमानता’ त्याच्याच शेजारचा, फक्त अधिक पुस्तकी. ‘विषमता’ हा शब्द व्युत्पत्तीने पाहिला तर ‘सम नसणे’ इतकाच आहे, पण महाराष्ट्रातील सामाजिक चळवळींनी तो शंभराहून अधिक वर्षे ज्या संदर्भात वापरला त्यामुळे त्याला न्याय-अन्यायाचा अर्थ कायमचा चिकटला आहे. क्रियापदांची संगत पाहिली म्हणजे फरक उघड होतो. तफावत ‘आढळते’ आणि ‘भरून काढली जाते’. विषमता ‘लादली जाते’, ‘पोसली जाते’ आणि ‘नष्ट करावी लागते’.

म्हणून स्त्रियांचे सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक असते याला मी तफावत म्हणेन. धनगरवाड्यावरच्या बाळंतिणीला रस्ता नसल्यामुळे डोलीतून खाली आणावे लागते आणि शहरातल्या बाळंतिणीच्या दारात रुग्णवाहिका येते, याला विषमता म्हणेन. ही विभागणी वापरात टिकेल का? आणि समान वाटपाऐवजी गरजेनुसार वाटप व्हावे या तत्त्वासाठी मराठीत कोणता शब्द घ्यावा?

हिरण्यकेशी :

आपली विभागणी टिकण्यासारखी आहे, कारण तिला आरोग्यशास्त्रातही आधार आहे. मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९०च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागासाठी या विषयाची मांडणी केली तेव्हा आरोग्यातल्या ज्या फरकांना अन्याय म्हणायचे त्यांची लक्षणे स्पष्ट केली : तो फरक अनावश्यक असतो, टाळता येण्याजोगा असतो आणि न्यायाच्या कसोटीवर उतरत नाही. आपण दिलेली दोन उदाहरणे या कसोटीवर बरोबर दोन बाजूंना पडतात. त्याआधी १९७८च्या अल्माआटा जाहीरनाम्यानेही लोकांच्या आरोग्यस्थितीतील ढोबळ विषमता राजकीय, सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या अमान्य ठरवली होती. ‘अमान्य’ हे विशेषण नुसत्या तफावतीला लावता येत नाही, हे लक्षात घ्यावे.

शब्द सौम्य केला की धोरण कसे सौम्य होते, याचे ब्रिटनमधले उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. तेथे १९८० साली ब्लॅक समितीचा अहवाल आला. राष्ट्रीय आरोग्यसेवा असूनही वरच्या आणि खालच्या सामाजिक वर्गांतील मृत्युदरांतले अंतर कायम राहिले आहे आणि त्याचे मूळ मुख्यतः राहणीमानात आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. तत्कालीन सरकारला तो रुचला नाही. पुढे १९९५ साली त्याच विषयावर सरकारी दस्तऐवज निघाला तेव्हा त्याच्या शीर्षकात विषमता हा शब्दच नव्हता. त्या जागी ‘आरोग्यातील वैविध्य’ अशा अर्थाचा शब्द होता. वैविध्याला दोषी कोणी नसतो. १९९८ साली ॲचिसन यांच्या चौकशी अहवालाने मूळचा शब्द परत आणला. मराठी मसुद्यात ‘आरोग्यविषयक भिन्नता’ असा मोघम प्रयोग दिसला तर तो बदलावा, असा माझा आग्रह आहे.

माझी सरकारी वैद्यकीय सेवा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात झाली, म्हणून मापदंडांबद्दल थोडे लिहितो. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगरी आणि आदिवासी प्रदेशात हेच प्रमाण ३,००० आणि २०,००० असे ठरलेले आहे. म्हणजे सर्वांना सारखे मोजून देणे न्याय्य ठरत नाही, हे शासनाने या मापदंडातच मान्य केले आहे. अडचण पुढे येते. हा मापदंड माणसे मोजतो, अंतर मोजत नाही. गगनबावडा हा जिल्ह्याच्या बारा तालुक्यांतला सर्वांत कमी लोकवस्तीचा तालुका. तेथून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर. लोकसंख्येच्या हिशेबाने त्या तालुक्याच्या वाट्याला जे येते ते कागदावर पुरेसे दिसते, परंतु विखुरलेल्या वाड्यांतून, चार महिन्यांच्या पावसात, गर्भवतीने किंवा अर्धांगवायू झालेल्या वृद्धाने ते गाठायचे कसे, हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही. चंदगडचा रुग्ण तर बेळगाव जवळ म्हणून सरळ तिकडे जातो.

शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ जेथे एकवटतात तेथे त्यांची गरज सर्वांत जास्त असतेच असे नाही. वेल्समधील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली यालाच व्यस्त प्रमाणाचा नियम म्हटले : जेथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज अधिक, तेथे ती मिळण्याची शक्यता कमी, आणि आरोग्यसेवा बाजाराच्या हाती जितकी अधिक, तितका हा नियम अधिक कठोरपणे लागू होतो. कोल्हापूर शहरातल्या राजारामपुरी किंवा शाहूपुरीतून फिरताना दवाखान्यांच्या पाट्या वाचाव्यात आणि मग राधानगरीच्या वरच्या अंगाला जावे. हा नियम समजावून सांगण्यासाठी वेगळ्या तक्त्याची गरज उरत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. प्रत्येक फरकाला विषमता म्हटले तर तो शब्द बोथट होईल आणि सभेत त्याच्याकडे लक्ष देईनासे होतील. आधी तफावत मोजून दाखवावी, ती टाळता आली असती हे दाखवावे, आणि मगच विषमता हा शब्द वापरावा.

दूधगंगा :

गरजेनुसार वाटपासाठी कोणता शब्द घ्यावा, या करवीर यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच भागात तयार आहे. कृष्णा खोऱ्यातील दुष्काळग्रस्तांच्या चळवळींनी ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्दप्रयोग घरोघर पोहोचवला. तो ऐकल्यावर ‘सर्वांना सारखे पाणी’ असा अर्थ कोणी शेतकरी घेत नाही. ज्याच्या वाट्याला आजवर आले नाही त्याला त्याचा वाटा मिळावा, असाच घेतो. तेव्हा ‘समन्यायी आरोग्यसेवा’ म्हणावे. नवा शब्द घडवून तो लोकांना शिकवण्यापेक्षा हा मार्ग सरळ आहे.

कल्पनाही येथे नवी नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर (कोल्हापूर) संस्थानाच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, तेव्हा सारखेपणापेक्षा न्याय वरचा हेच त्यामागचे तत्त्व होते. १९१९ साली त्यांनी दवाखान्यांबाबत काढलेला हुकूम आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. अस्पृश्य मानलेल्या रुग्णांना इतर रुग्णांप्रमाणेच वागवावे आणि ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने राजीनामा द्यावा, असे त्यात होते. रुग्णाला ‘सवलत’ दिली आहे अशी भाषा तेथे नाही. कर्तव्य नोकराचे आहे आणि ते न पाळण्याचे परिणामही त्याचेच आहेत. आजच्या परिपत्रकांच्या भाषेत नेमके हेच उलटे झालेले दिसते : सगळ्या अटी रुग्णाने पुऱ्या करायच्या, आणि सेवा मिळाली नाही तर कोण जबाबदार, याचा उल्लेख नसतो.

राज्यघटनेतील अनुच्छेद ३८ मध्ये १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जे दुसरे कलम घातले गेले तेही पाहावे. दर्जा, सुविधा आणि संधी यांतील विषमता दूर करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, आणि तो केवळ व्यक्तींमधील नव्हे तर निरनिराळ्या प्रदेशांत राहणाऱ्या आणि निरनिराळ्या व्यवसायांत असणाऱ्या जनसमूहांमधील विषमतेबाबतही करावा, असा त्याचा आशय आहे. ‘सुविधा’ आणि ‘प्रदेश’ हे दोन्ही शब्द तेथे असल्यामुळे डोंगरी तालुक्यांतील आरोग्यसेवेचा प्रश्न मांडणाऱ्याला याहून चांगला आधार मिळणार नाही.

रंकाळा :

या चर्चेत ‘सार्वजनिक आरोग्य’ हा मूळ शब्दही तपासावा, असे सुचवतो. महापालिकेच्या हद्दीत ‘आरोग्य निरीक्षक’ म्हटले की गटारे आणि कचरा पाहणारा अधिकारी डोळ्यांसमोर येतो, तर खेड्यात ‘आरोग्य खाते’ म्हटले की लसीकरण. ग्रामपंचायत सदस्याला कोणता अर्थ कळणार?

हिरण्यकेशी :

दोन्ही कळावेत. हा गोंधळ वाटतो तितका वाईट नाही, कारण गटार आणि लस या एकाच विषयाच्या दोन बाजू आहेत. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा धोका गरोदर स्त्रियांना सर्वांत अधिक असतो; म्हणजे दूषित पाण्याचा मार त्यांच्यावर बसतो आणि उपचाराचा भार रुग्णालयावर पडतो. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या कुटुंबाला पाणी उकळण्याचे इंधन आणि वेळ या दोन्हींची चणचण असते, हे लक्षात घेतले म्हणजे पाण्याची नळवाहिनी हा आरोग्यातील विषमतेचा विषय का आहे ते समजते. मजकुरात ‘सार्वजनिक आरोग्य’ हा शब्द पाणी, स्वच्छता आणि साथनियंत्रणासह व्यापक अर्थाने ठेवावा, आणि दवाखाने, औषधे व कर्मचारी यांच्याविषयी बोलताना ‘सार्वजनिक आरोग्यसेवा’ असे स्पष्ट लिहावे.

वारणाकाठ :

मी आशा स्वयंसेविकांची गटप्रवर्तक म्हणून काम करते. ‘विषमता’ कोठे वापरावा यापेक्षा जे शब्द आम्ही रोज रजिस्टरात लिहितो त्यांच्यात ती कशी दडली आहे, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

पहिला शब्द ‘लाभार्थी’. विद्यार्थी म्हणजे विद्येची इच्छा धरणारा, तसा लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. म्हणजे बाई दारात उभी आहे आणि देणारा आत आहे, हे चित्र शब्दातच आले. आता कायदा पाहा. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाप्रमाणे सरकारी नियमित नोकरीतल्या किंवा अन्य कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया वगळता प्रत्येक गर्भवती आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ मिळण्याचा हक्क आहे आणि त्यात कितवे मूल याची अट नाही. २०१७ साली मातृवंदना योजना आली तेव्हा ती पहिल्या अपत्यापुरती आणि ५,००० रुपयांची होती. पुढे दुसरे अपत्य मुलगी असेल तरच ६,००० रुपये देण्याची तरतूद आली. कायद्यात ती ‘हक्कदार’ होती आणि योजनेत ‘लाभार्थी’ झाली. दुसऱ्या खेपेला मुलगा झालेल्या बाईला मी जेव्हा सांगते की तुम्ही लाभार्थी नाही, तेव्हा तिला वाटते की आपणच कोठेतरी कमी पडलो. करवीर सर, आपल्या मजकुरात निदान जेथे कायद्याने हक्क दिला आहे तेथे ‘हक्कदार’ लिहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरा शब्द ‘मानधन’. आशांची योजना २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. सुमारे हजार लोकसंख्येमागे एक आशा, तिला ‘स्वयंसेविका’ म्हणायचे, आणि कामागणिक मोबदला द्यायचा, अशी रचना झाली. मानधन हा शब्द व्याख्याता, परीक्षक, कीर्तनकार अशा व्यक्तीला शोभतो, जिच्या उदरनिर्वाहाचे साधन वेगळे असते आणि जिच्या कामाचे मोल पैशात करणे अप्रशस्त वाटते. घरोघर फिरून गर्भवतींची नोंद ठेवणे, क्षयरोग्याला गोळ्या पोहोचवणे, बाळंतिणीबरोबर रात्री रुग्णालयात थांबणे, सर्वेक्षणामागून सर्वेक्षण भरणे, हे वर्षभराचे काम आहे आणि बहुतेकींच्या घरात तो पैसा भाजीपाल्याला आणि शाळेच्या फीला लागतो. ‘मान’ हा शब्द पुढे लावल्यामुळे धन कमी का, हे विचारणे अवघड होते. अंगणवाडी सेविकांच्या ग्रॅच्युइटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना मिळणारे मानधन हे ग्रॅच्युइटी कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, असे मानले. तो निकाल अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्यापुरता आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मानधन आणि वेतन यांच्यातील भिंत शब्दाची आहे, कामाची नाही, हे त्यातून दिसले.

तिसरा शब्द आपल्या ऊसपट्ट्यातला. बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून तोडणीला येणाऱ्या मजुरांत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याचा होतो. म्हणजे त्या हिशेबात बाई स्वतंत्रपणे मोजलीच जात नाही. पाळीच्या दुखण्याने किंवा गरोदरपणात ती एक दिवस खोपीत थांबली तर ‘खाडा’, म्हणजे गैरहजेरीचा दंड, पडतो आणि तो दोघांच्या हिशेबातून वळता होतो. गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड स्त्रियांचा जो प्रश्न २०१९ साली बीड जिल्ह्यातून राज्यासमोर आला, त्याच्या मुळाशी हा खाडाही होता. इकडे आमच्या रजिस्टरात ‘रहिवासी’ असा रकाना आहे. फडाजवळच्या खोपीतली पाच महिन्यांची गर्भवती तिच्या गावच्या यादीत असते आणि देहाने येथे असते. पुष्कळ आशा आपल्या यादीत नसतानाही तिला तपासणीला घेऊन जातात, पण ते त्यांच्या माणुसकीवर चालते. ‘रहिवासी’ ऐवजी ‘आज येथे राहणारी’ असा रकाना असता तर ते कामाचा भाग झाले असते.

हिरण्यकेशी सरांनी आधी तफावत मोजा म्हटले, ते योग्यच आहे. परंतु जी यादीतच नाही तिची तफावत कोण मोजणार? म्हणून काही ठिकाणी मोजणीची वाट न पाहता विषमता म्हणावे लागेल.

हिरण्यकेशी :

ताईंचा हा मुद्दा मान्य आहे आणि तो माझ्या सूचनेत भर घालतो. यादीतून वगळले जाणे हेच टाळता येण्याजोगे आणि अन्याय्य आहे. तेव्हा तेथे विषमता सिद्ध करण्यासाठी वेगळ्या आकड्याची गरज नाही.

करवीर :

सर्वांचे आभार. आता या मजकुरातला सर्वांत अवघड शब्द पुढे ठेवतो. वृद्ध, अपंग आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसांना उपचारापलीकडे जो रोजचा आधार लागतो, त्यासाठी मसुद्यात ‘सामाजिक काळजी’ असे छापले आहे. मराठीत ‘काळजी’चा पहिला अर्थ चिंता. ‘शासन ज्येष्ठांची सामाजिक काळजी करते’ हे वाक्य वाचून माझ्या शेजारच्या गृहस्थांनी शासनाला कसली चिंता लागली आहे, असे विचारले. ‘शुश्रूषा’ चांगला आहे. ऐकण्याची इच्छा, सेवेस तत्पर राहणे असा त्याचा मूळ अर्थ. पण आज तो आजारपणाशी आणि परिचारिकेशी बांधला गेला आहे.

ब्रिटनमध्ये १९४८ साली या दोन गोष्टी कायद्यानेच वेगळ्या केल्या गेल्या. आरोग्यसेवा सर्वांना विनामूल्य झाली आणि वृद्धांच्या निवासी सांभाळाची जबाबदारी स्थानिक संस्थांकडे, उत्पन्न पाहून आकारणी करण्याच्या अटीवर गेली. इंग्लंडमध्ये आजही स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा सांभाळ आजार म्हणून मोफत धरायचा की घरचा खर्च म्हणून, यावर कुटुंबे आणि यंत्रणा यांच्यात वाद होतात. आपल्याकडे हा वाद होत नाही, कारण आपल्याकडे ते काम कोणाचे हे गृहीत धरलेले आहे आणि बोलीने ते नेमके टिपले आहे. ‘सासूचं सगळं तिनंच केलं’, ‘म्हाताऱ्याचं करायला घरात कोण नाही’. या ‘करणे’ क्रियापदाला कर्म लागत नाही. उठवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, अंथरूण बदलणे, रात्री जागणे हे सगळे त्यात येते आणि कर्ता जवळजवळ नेहमी स्त्री असते.

शासनाचे शब्द याच गृहीतावर उभे आहेत. ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना’ हे नाव पाहा. श्रावणबाळ हा मुलाच्या कर्तव्याचा आदर्श; ज्या वृद्धाला विचारणारे कोणी नाही, त्याला मिळणाऱ्या पैशाला ते नाव दिले आहे. ‘संजय गांधी निराधार अनुदान योजना’ हिच्यात तर मदत मिळण्यासाठी आधी आपण निराधार आहोत असे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला काढण्यासाठी वृद्ध विधवेला तलाठ्यापासून तहसीलपर्यंत हेलपाटे घालावे लागतात. लोकांनी मात्र स्वतःपुरता बदल केला आहे. ‘निराधारचं अनुदान’ असे फारसे कोणी म्हणत नाही. ‘पेन्शन आली का?’ असेच विचारतात. पेन्शन या शब्दात आयुष्यभर केलेल्या कष्टांची परतफेड आहे, आणि शेतात, यंत्रमागावर किंवा गुऱ्हाळावर आयुष्य गेलेल्या माणसाने तो वापरावा, हे अगदी रास्त आहे. २००७चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीचा कायदाही मुलांकडून अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार मागण्याचा अधिकार देतो. ‘करण्याचे’ श्रम कोण देणार, याबद्दल तो बोलत नाही.

माझा प्रस्ताव ‘सांभाळ’ हा शब्द स्वीकारण्याचा आहे. ‘सांभाळसेवा’ म्हटले की ती कोणीतरी पुरवायची गोष्ट आहे आणि तिच्यासाठी माणूस व पैसा लागतो, हे कळते.

दूधगंगा :

‘सांभाळ’ मुलांनाही लागू होतो, जनावरांनाही. ज्येष्ठांना तो कमीपणा आणणारा वाटणार नाही ना?

वारणाकाठ :

माझ्या भागातल्या आजींना वाटत नाही. ‘मला सांभाळायला कोणी नाही’ असे त्या स्वतःच म्हणतात. अपंग व्यक्तींबाबत मात्र ‘सांभाळ’ सरसकट वापरू नये. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर असलेला पण स्वतःचे दुकान चालवणारा माणूस सांभाळ मागत नाही, तो उतरता मार्ग (रॅम्प) आणि वर चढता येईल अशी एसटी मागतो. तेथे ‘साहाय्य’ हा शब्द बरा.

करवीर :

ही सूचना घेतो. त्याप्रमाणे मसुद्यातील पहिले कलम असे बदलले आहे. आणखी दुरुस्ती असल्यास कळवावी.

‘गावातील व वाड्यांवरील कुटुंबांच्या आरोग्यात आढळणारी तफावत समितीने दरवर्षी नोंदवावी. ही नोंद घेताना त्या दिवशी गावाच्या हद्दीत राहणारी प्रत्येक व्यक्ती, ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांतील स्त्रिया व मुले धरून, स्वतंत्रपणे मोजावी. जी तफावत रस्ता, पाणी, अंतर, उत्पन्न, जात किंवा यादीत नाव नसणे यांमुळे पडली आहे आणि जी टाळता आली असती, तिची नोंद विषमता म्हणून करावी व ती दूर करण्याची जबाबदारी कोणाची आहे ते त्याच ओळीत लिहावे. कायद्याने ज्यांना हक्क दिला आहे त्यांचा उल्लेख हक्कदार असाच करावा. आरोग्यसेवा, ज्येष्ठांसाठी सांभाळसेवा आणि अपंग व्यक्तींसाठी साहाय्य यांचे नियोजन समन्यायी असावे, म्हणजे ज्या वाडीची गरज अधिक तिचा क्रम आधी लागावा.’